आगर, गोधडी आणि सुट्टीत येणारी नातवंडं

आगरवाली_आजी (धागाकर्ती)

बागकामाच्या धाग्यावर परवा एका ताईंनी विचारलं होतं, "नोकरी संपल्यावर कोकणातल्या घरी जाऊन राहायचं चाललंय, पण तिथे दिवस कसा जाईल?" उत्तर तिथेच लिहायला घेतलं, ते लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा काढते आहे.

आमचं घर दापोली तालुक्यात, आंजर्ल्याच्या बाजूला. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते, यजमान पोस्टात. दोघंही निवृत्त झालो आणि सासऱ्यांनी बांधलेल्या चिऱ्याच्या घरात कायमचे राहायला आलो. पुढे खळं, मागे विहीर, विहिरीपलीकडे नारळी-पोफळीचं आगर. मुलगा पुण्याला, मुलगी ठाण्याला. नातवंडं मे महिन्यात आणि गणपतीत येतात.

दिवस कसा जाईल हे इथे आपण ठरवतच नाही, आगर ठरवतं. पाहुणे येतात, पलंगावरची गोधडी बघतात, दारावरचं क्रोशाचं तोरण बघतात आणि म्हणतात, "आजींना छंद किती छान आहेत!" कौतुक मनापासूनचं असतं, पण मला दर वेळी सांगावंसं वाटतं की अहो, ही वेगवेगळी कामं नाहीतच. आगर ज्या महिन्यात मोकळं सोडतं त्या महिन्यात हातात सुई येते. ज्या महिन्यात सोडत नाही त्या महिन्यात हात रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, रसाने लाल असतात. वाती, खराटा, गोधडी, आमसुलं, गजरे, मांडवावरची भाजी, सगळ्याला लागणारा माल आणि वेळ एकाच ठिकाणाहून येतो.

वातींचंच बघा. विहिरीच्या कडेला देवकापसाची दोन झुडपं आहेत, सासूबाईंच्या हातची. देवकापूस एकदा लावला की वर्षानुवर्षं राहतो, माणसाच्या डोक्यावर जातो. उन्हाळ्याच्या तोंडी बोंडं फुटली की रोज सकाळी दव सुकल्यावर वेचायची, परडीत भरायची, दोन उन्हं द्यायची आणि डब्यात घट्ट झाकण लावून ठेवायची. आषाढात बाहेर पाऊस लागलेला असतो तेव्हा तो डबा उघडायचा. सरकी बोटांनीच काढते. सरकीला धरून असलेला कापूस ओढून काढला की तो लांब निघतो आणि त्याची वात न तुटता वळली जाते. फुलवाती, तेलवाती, गणपती-गौरीची कापसाची वस्त्रं हे सगळं श्रावण लागेपर्यंत तयार. वस्त्रांना मणी करताना कापूस दोन बोटांत हलका पिळायचा, मग किंचित पाण्याचं बोट लावायचं. पाणी जास्त झालं की मणी चपटा होतो.

वैशाखात मात्र सुईला हात लावायला वेळ नसतो. रातांबे फोडायचे, बिया आणि गर वेगळा करायचा, त्या रसात मीठ घालायचं, साली त्यात बुडवून उन्हात टाकायच्या, संध्याकाळी पुन्हा रसात, सकाळी पुन्हा उन्हात. साली काळ्या-जांभळ्या आणि मऊ होईपर्यंत हेच. पाऊस कधी येईल याचा नेम नसतो, त्यामुळे सगळं घर आभाळाकडे बघत काम करतं. बियाही टाकत नाही. सुकवून, फोडून, वाटून पाण्यात उकळल्या की वर तेल येतं. ते थिजलं की त्याचे मुटके वळून ठेवायचे. पावसात आगरात चालून पायाला भेगा पडल्या की तेच लावते.

गोधडीला मी मृग लागला की बसते. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, जून-जुलैत आगरात पाऊल रुततं, शिंपण्याचा प्रश्नच नाही. कपडे आधीच मे महिन्याच्या उन्हात कडकडीत वाळवून, वेखंड घालून ट्रंकेत ठेवलेले असतात. पावसात ट्रंकेत दमट कापड गेलं तर गोधडीला जो वास लागतो तो पुढे कधी जात नाही.

खाली नऊवारी, वर नऊवारी, मध्ये जुन्या सुती साड्या आणि यजमानांची धोतरं. सगळं ओटीवर पसरायचं, चार कोपऱ्यांवर वरवंटा, पाटा, पितळी डबा जे असेल ते ठेवायचं. आधी लांब कच्चे टाके, मधून कडेकडे. असं केलं की सळ कडेला सरकतात आणि तिथे मोडता येतात. मग कडेपासून धावदोरा, गोल गोल आत. दोन ओळींत बोटाच्या पेराएवढं अंतर. दोऱ्याला मेण लावते म्हणजे तो पीळ घेत नाही. गोधडी हलवायची नाही, आपणच तिच्याभोवती सरकायचं. ओळ सरळ आहे की नाही ते टाका घालताना कळत नाही. लांब उभं राहून बघावं लागतं, म्हणून रोज काम थांबवताना मी दारात जाऊन बघते.

मोठी नात आठवीत आहे. गेल्या गणपतीत तिला एक कोपरा दिला. "टाका लहान-मोठा झाला तरी चालेल, ओळींतलं अंतर सांभाळ," एवढंच सांगितलं. तिचे टाके मी उसवले नाहीत आणि उसवणारही नाही. ती गोधडी तिच्या अंगावर जाणार आहे, कोपरा तिला सापडायला हवा.

तुमच्याकडे काय काय चालतं ते लिहा. विशेषतः नातवंडांना अशा कामात कसं घेता, ते मला हवं आहे.

---

सुरंगी

आजये, लिवलास ता वाचून आवशीची आठवण झाली. आमच्या वेंगुर्ल्याच्या घरात अजून तिची वाकळ आसा, माझो झील ती टाकूक देणा नाय.

बाकीच्यांसाठी साध्या मराठीत लिहिते. आमच्याकडे आजी-पणजीच्या हातचं काम म्हणजे फुलं. आरवली-आसोली भागात फाल्गुन-चैत्रात सुरंगी फुलते. कळ्या पहाटे, उमलायच्या आधी काढाव्या लागतात. ऊन चढलं की फूल उमलतं आणि वळेसराला, म्हणजे सुरंगीच्या गजऱ्याला, उपयोगाचं राहत नाही. पुरुष झाडावर चढून कळ्या काढतात, फांदी ठिसूळ असते, काम जोखमीचं. खाली बायका निवडतात आणि घरात आजी ओवते. माझ्या आजीला शेवटच्या वर्षांत दिसत नव्हतं फारसं, पण कळी हातात घेतली की देठ कुठल्या बाजूला आहे ते तिला स्पर्शाने कळायचं. सुरंगी सुकली तरी वास राहतो, म्हणून आम्ही वळेसर कपाटात साड्यांमध्ये ठेवतो.

अबोली मात्र बारमाही. केळीच्या सोपाचा (खोडाच्या सालीचा) दोरा भिजवून त्यात ओवायची. आजी, तुमच्या आगरात अबोली आहे ना?

---

आगरवाली_आजी

सुरंगी, आहे तर! विहिरीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना. अबोलीची बोंडं सुकली की मी काढत नाही. पहिल्या पावसाचं पाणी लागलं की ती तडतड फुटतात आणि बी आपोआप लांब उडतं. धाकटा नातू जूनपर्यंत थांबला होता त्या वर्षी वाटीत पाणी घेऊन एकेक बोंड बुडवत बसला होता. फुटलं की ओरडायचा. तासभर चाललं होतं. आज वाटेवर जी रोपं आहेत त्यांतली बरीच त्याची.

---

पुण्याची_मनू

आजी, धागा फार आवडला. माझ्या दोन अडचणी आहेत, सांगाल का?

एक, सासूबाई गेल्या, त्यांच्या साड्यांनी कपाट भरलेलं आहे. टाकवत नाहीत. गोधडी करायची मनापासून इच्छा आहे, पण निम्म्याहून जास्त साड्या सिंथेटिक आहेत. चालतील का?

दुसरं, आमचं घर गुहागर तालुक्यात आहे, सासरे एकटे राहतात. मुलं मे महिन्यात जातात ती दोन दिवस समुद्रावर खेळतात आणि तिसऱ्या दिवसापासून "रेंज नाही, करू काय?" सुरू होतं. मुलं वाईट नाहीत हो, पण त्यांना तिथे करण्यासारखं काही दिसतच नाही.

---

आगरवाली_आजी

मनू, सिंथेटिक साड्या आत घालू नकोस. त्या घाम टिपत नाहीत आणि थर एकमेकांवरून घसरतात. टाका कितीही घट्ट घाल, वर्षभरात आतला थर एका बाजूला गोळा होतो. सुती साड्या वेगळ्या काढ, दोन-तीन धुण्यांत खळ पूर्ण जाऊ दे, मग मोज. आधी मोठी गोधडी घेऊ नकोस. बाळाचं दुपटं असतं तेवढी, हातभर-दोन हात लांबीची कर. त्यात हात बसतो. सिंथेटिक साड्यांच्या पट्ट्या फाडून तीन पदरी वेणी घाल आणि ती गोल शिवत जा, पायपुसणी उत्तम होतात, पाणी लागलं तरी लवकर वाळतात. सासूबाईंची एखादी फार आवडती साडी असेल तर ती कापू नकोस, तशीच ठेव. सगळ्याचं काहीतरी केलंच पाहिजे असं नाही.

मुलांचं म्हणशील तर मी नोकरीत कार्यानुभवाचा तास बरीच वर्षं घेतला. तेव्हापासून एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. मुलाला खोटं काम दिलं की त्याला लगेच कळतं. "ये, आजोबांना मदत कर" म्हणून हातात झारी दिली आणि आजोबांनी आधीच शिंपून ठेवलेल्या रोपाला पाणी घालायला लावलं, तर ते मूल पुन्हा येत नाही. काम असं हवं की मुलाने केलं नाही तर ते खरोखर अडेल. आमच्याकडे मे महिन्यात आमसुलं उन्हात आली की गच्चीवरची कावळ्या-चिमण्यांची राखण आणि आभाळ आलं की हाक मारणं हे नातवंडांचं काम. आम्ही दोघंही तेव्हा खाली फोडायला बसलेले असतो, वर कुणीच नसतं. एकदा वळीव आला आणि धाकट्याने वेळेत हाक मारली म्हणून सगळी आमसुलं वाचली. त्या दिवशी त्याच्या चालण्यातच फरक पडला होता!

सासऱ्यांना विचार, त्यांचं कोणतं काम वर्षभर राहून जातं? ते मुलांना दे.

---

विहीरकाठ

नमस्कार आजी. मी दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकलो, आता स्वतःची बाग बघतो. ज्या ताई निवृत्तीनंतर बाग लावायचं म्हणत आहेत त्यांच्यासाठी थोडं लिहितो, कारण वय झाल्यावर लावलेल्या झाडात पाच-सहा वर्षं वाया गेली तर ती परत मिळत नाहीत.

कोकम बियांपासून लावू नका. कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी असतात आणि फुलं येईपर्यंत कळत नाही. बियांच्या रोपांतली निम्मी नर निघू शकतात. 'कोकण अमृता', 'कोकण हातीस' या विद्यापीठाच्या जाती आहेत, त्यांची कलमं घ्या. जायफळाचंही तेच. कलमंच लावा, आणि परागीकरणासाठी नर झाड जवळपास हवं. 'कोकण सुगंधा' या जातीत दोन्ही फुलं एकाच झाडावर येतात, लहान आगराला ती सोयीची.

मिरीचा वेल पोफळीवर किंवा नारळावर चढवायचा असेल तर झाडाच्या उत्तर किंवा पूर्व अंगाला लावा, दुपारचं ऊन थेट लागत नाही. रत्नागिरीच्या भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्रात नारळाच्या मधल्या मोकळ्या जागेत जायफळ, दालचिनी, मिरी, अननस घेऊन दाखवलेली 'लाखी बाग' आहे. जमलं तर एकदा जाऊन बघाच, वाचून जे कळत नाही ते तिथे उभं राहिल्यावर कळतं.

नारळाच्या नव्या झावळीला कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी काप दिसले तर तो गेंड्या भुंगा. तारेच्या आकड्याने बाहेर काढायचा आणि वरच्या झावळ्यांच्या बेचक्यांत निंबोळी पेंड आणि वाळू समप्रमाणात भरायची. तो वाढतो शेणखताच्या खड्ड्यात, म्हणून खड्डा वर्षभर तसाच पडू देऊ नका.

---

दर्याकाठ

मी श्रीवर्धनचा. विहीरकाठ, नव्या बागा लावणाऱ्यांना एक गोष्ट सांगायला हवी ती वादळाची. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. आमच्या वाडीत सकाळी पोफळीचं आगर होतं आणि दुपारी पलीकडच्या आळीतली घरं थेट दिसत होती. श्रीवर्धनी रोठा सुपारीचं नाव सगळीकडे आहे, पण त्या दिवशी आमच्या भागात रांगाच्या रांगा आडव्या झाल्या. आईचं वय तेव्हा सत्तरीपुढचं. पोफळ लावल्यापासून धरायला पाच-सहा वर्षं लागतात. "मी कशाला लावू, मी काय खाणार आहे?" असं ती म्हणेल असं आम्हाला वाटलं होतं. ती काहीच बोलली नाही. पाऊस उघडल्यावर पडलेल्या झाडांखालून उगवलेली सुपारीची रोपं गोळा करून पिशव्यांत भरायला बसली.

आंजर्ल्याकडेही मोठा फटका होता ना आजी?

---

आगरवाली_आजी

होता. हर्णै, आंजर्लं, केळशी, सगळ्या पट्ट्यात होता. आमची कौलं उडाली, निम्म्याहून जास्त पोफळी गेल्या, विहिरीवर नारळ आडवा पडला. वीज किती दिवस नव्हती ते आता आठवतही नाही. देवकापसाचं एक झुडूप मोडलं, दुसरं टिकलं. मोडलेल्याच्या बुंध्याला पुन्हा फूट आली.

वादळाची एक गोष्ट मी कुठे लिहिली नव्हती, इथे लिहिते. आगराची सावली गेल्यावर पहिलं वर्षभर मला मागच्या दारात उभं राहवत नव्हतं. जन्मभर गार हिरवा अंधार बघितलेल्या डोळ्यांना ते ऊन सोसत नव्हतं. यजमानांनी मात्र आधी केळी लावल्या, दाट. नव्या पोफळीच्या रोपांना नैऋत्येचं ऊन लागलं की खोड भाजतं, तिला सावली लागते आणि केळ लवकर वाढते. ज्या मोकळ्या जागेत ऊन होतं तिथे मी पडवळ, दोडकी, काकडीचा मांडव घातला आणि थंडीत कडवे वाल टाकले. पडलेल्या पोफळी फाडून त्यांच्या रिपा काढल्या. त्याच मांडवाला लागल्या, त्याच कुंपणाला, त्याच ओटीवरच्या बाकाला. पडलेल्या झावळ्यांचे हीर इतके निघाले की पुढच्या दोन वर्षांचे खराटे झाले, आळीतल्या प्रत्येक घरी एक दिला.

त्या मोसमात भाजी एवढी आली की विकली. आता पोफळी वर गेल्या आहेत, केळी कमी केल्या, मांडवाला पूर्वीइतकं ऊन मिळत नाही. भाजी कमी होते, आणि मला त्याचा आनंद आहे.

---

लाल_माती

सगळं वाचलं. छान आहे, पण मला दुसरी बाजू लिहायची आहे. रागाने नाही.

मी सून आहे. सासूबाई राजापूरजवळ एकट्या राहतात. त्यांचंही असंच आगर, अशीच कामं. लोकांना ती बघायला गोड वाटतात. आम्हाला रात्री फोन वाजला की पोटात गोळा येतो. मागच्या पावसात शेवाळावरून घसरून मनगट मोडलं, शेजारच्यांनी दवाखान्यात नेलं, आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं कारण "तुम्हाला कशाला त्रास." नारळ पाडायला पाडेली मिळत नाही. मिळाला तर तो सांगेल तेव्हाच. पडलेला नारळ गोळा करायला त्या वाकतात, वानरं काय ठेवतील ते. "मुंबईला या" म्हटलं की त्या म्हणतात, "आठ दिवस येते," आणि चौथ्या दिवशी परत जायची तिकिटं विचारतात.

आम्ही काय करावं? त्यांचं आगर हिसकावून घ्यायचं नाहीये मला.

---

आगरवाली_आजी

लाल_माती, तू लिहिलंस ते बरं केलंस. माझ्या सुनेने हेच मला समोर बसून सांगितलं होतं आणि मला ते पटायला वेळ लागला.

आमच्याकडे जे ठरलं ते सांगते, तुमच्याकडे जमेल तेवढं घे. पावसाळ्यात आगरात एकट्याने जायचं नाही. पाणंदीवर आणि विहिरीच्या वाटेवर मृगाच्या आधी चुना आणि ब्लीचिंग पावडर टाकून घासून घ्यायचं काम आता गावातल्या एका मुलाला मजुरीने दिलं आहे. विहिरीवर पंप आधीपासून होता, आता आळ्यांना ठिबक केलं, त्यामुळे दोणी-घमेली उचलणं संपलं. उंच जुने नारळ पाडेल्याशिवाय पाडायचे नाहीत, पडतील ते पडतील. फळ कमी मिळालं तरी चालेल असं मनाला समजावलं. सकाळी साडेसातला घरच्या ग्रुपवर आमच्यापैकी एकाने एक फोटो टाकायचा. फूल, भाजी, मांजर काहीही. आठपर्यंत फोटो आला नाही तर मुलगा फोन करतो आणि तोही लागला नाही तर शेजारी बघायला येतात. मला सुरुवातीला ते हजेरी घेतल्यासारखं वाटलं. आता नातवंडं त्या फोटोची वाट बघतात, म्हणून मी आदल्या दिवशीच काय दाखवायचं ते हेरून ठेवते.

सासूबाईंना मुंबईला बोलावताना हातात काही काम नसलेल्या जागी बोलावू नकोस गं. तुझ्या घरात शिवण, टिपण, काहीतरी साठवून ठेव आणि सांग, "हे तुमच्याशिवाय अडलंय." मग बघ, आठ दिवस राहतात का. आणि मनगट मोडलं ते लपवलं म्हणून त्यांच्यावर रागावू नकोस. आम्हाला भीती असते की एकदा पडलो असं कळलं की घर बंद होईल.

---

लाल_माती

शेवटचं वाक्य नवऱ्याला वाचून दाखवलं. त्याने लगेच आईला फोन लावला. बाकी नंतर लिहिते.

---

कातळफूल

आजी, तुम्ही विकत का नाही? हाताने शिवलेल्या गोधड्यांना शहरात मागणी आहे. आमच्या देवगडकडे बचत गटाच्या बायका आंबापोळी, फणसपोळी, कोकम आगळ करतात, चांगला पैसा उभा राहतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या कोकमाला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं आहे, त्याचा उपयोग करून घ्यायला हवा. घरच्या बाईच्या कामाला "हौस" म्हणत राहिलो तर त्याची किंमत कधीच होणार नाही.

---

आगरवाली_आजी

कातळफूल, तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे, विशेषतः शेवटचं वाक्य. आमसुलं आणि कोकमतेल मी विकते. गावातल्या गटाबरोबर एकत्र भाव ठरवतो, कुणी एकटीने पाडून द्यायचं नाही असा नियम आहे. मे महिन्यात येणारे पर्यटक घेऊन जातात.

गोधडी नाही विकत. तिला लागलेल्या दिवसांची मजुरी धरून भाव सांगितला की गिऱ्हाईक मशीनवरच्या गोधडीशी तुलना करतं, आणि तो भाव कमी करून द्यायला माझं मन तयार होत नाही. शिवाय आमच्या घरातलं कापड संपत आलं आहे. नऊवारी नेसणारं आता घरात कुणी नाही. उरलेल्या साड्यांत चार नातवंडांच्या आणि एक सुनेच्या माहेरची अशा गोधड्या होतील एवढंच. पण ज्या बायका विकतात त्यांनी पूर्ण मजुरी धरूनच भाव सांगावा आणि एक पैसा कमी करू नये. घेणाऱ्यांनीही घासाघीस करू नये.

---

सुरंगी

कातळफूल, आमच्याकडे सुरंगीचं असंच आहे. कळ्या विकणाऱ्याला जे मिळतं त्यात झाडावर चढण्याची जोखीम धरलेलीच नसते. आजीचा 'एकटीने पाडून द्यायचं नाही' हा नियम आमच्या गावात सांगणार आहे.

---

जुना_विद्यार्थी

बाई, नाव लिहीत नाही, तुम्ही ओळखाल. कार्यानुभवाच्या तासाला तुम्ही आम्हा मुलांनाही बटण लावायला आणि धावदोरा घालायला शिकवलं होतं. वर्गात हशा झाला होता, तुम्ही हसला नव्हता. मी आता मासेमारीच्या बोटीवर आहे, हर्णै बंदरात. जाळं फाटलं की ते शिवायचं काम आमच्यात माझ्याकडेच येतं. जाळ्याची गाठ वेगळी असते, पण दोरा हातात कसा धरायचा ते तुमच्याकडून आलं आहे. आईलाही हा धागा वाचून दाखवला. ती म्हणाली, बाईंना बोंबील पाठव. मी म्हटलं, त्या खात नाहीत. तर आता पुढच्या आठवड्यात शहाळी घेऊन येतो, घरचीच आहेत.

---

आगरवाली_आजी

ओळखलं! ये. शहाळी नको आणू, आमच्याकडे उतू जाताहेत. येताना तुझी जाळं विणायची सुई घेऊन ये, नातीला दाखवायची आहे. ती शनिवारी आली आहे आणि रविवारी दुपारच्या गाडीने जाणार आहे, तेव्हा सकाळीच ये.

---

पुण्याची_मनू

आजी, सांगायला आले. सासऱ्यांना विचारलं, कोणतं काम राहून जातं? ते म्हणाले, आगरातल्या कोणत्या नारळाला किती फळ येतं ते लिहून ठेवायचं मनात आहे, डोळे साथ देत नाहीत. मुलांनी दोन दिवसांत प्रत्येक झाडाला पत्र्याचा नंबर लावला आणि वही केली. प्रत्येक झाड कुणी लावलं, कोणत्या साली लावलं ते आजोबा सांगत होते आणि मुलगी लिहीत होती. चौदा नंबरचा नारळ त्यांच्या बाबांच्या मुंजीत लावलेला निघाला. रेंजचं नाव अजून तरी कुणी काढलेलं नाही. वही दर महिन्याला फोनवरून भरायची ठरली आहे, पाडेली आला की आजोबा नंबर आणि आकडा सांगणार.

आणि दुपटं सुरू केलं आहे. कच्चे टाके मधून कडेकडे घातले. खरंच सळ सरकतात.

देवकापसाचं बी मिळेल का? सासऱ्यांच्या विहिरीजवळ जागा आहे.

---

आगरवाली_आजी

मिळेल गं. पत्ता इथे उघड्यावर लिहू नकोस, खासगी निरोपात पाठव. सरकी कागदाच्या पुडीत घालून पोस्टाने पाठवते. यजमानांना पोस्टात जायला एक कारण झालं, ते खूश आहेत.

मृगाचा पहिला जोरदार पाऊस होऊन माती भिजली की लाव, त्याआधी नको. रात्रभर पाण्यात भिजत घाल, एका आळ्यात तीन बिया, बोटाच्या दोन पेरांइतक्या खोल. पाणी साठणारी जागा नको, विहिरीच्या कट्ट्याला लागून उंचवटा असेल तिथे. उगवल्यावर एकच जोमदार रोप ठेव. पहिल्या वर्षी थोडीच बोंडं येतात. झुडूप कंबरेवर गेलं की शेंडा खुड, म्हणजे फांद्या फुटतात आणि बोंडं हाताच्या उंचीवर राहतात. सासऱ्यांना शिडी लागणार नाही असं बघ. आणि वहीत त्यालाही एक नंबर दे.

सुरंगी, तुलाही हवं असेल तर सांग, डब्यात भरपूर आहे.